शुद्धिपत्रक

पहिल्या परिपत्रकात 'नेत्र' छापून आलं.
नेत्र-भरपाई शुल्क, दर किलोमागे.
टंकलेखकाची एक मात्रा जास्तीची.
पर्जन्य जलवाहिन्या खात्यात दोन दिवस हसणं चाललं,
बिल्डरकडून किती किलो डोळे येतील, साहेब?
तिसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक निघालं:
'नेत्र' ऐवजी 'नत्र' असे वाचावे.

तेव्हापासून मी नत्र वाचतो.

भांडुपला, नाल्याच्या काठी, एकेचाळीस मजले.
सातव्यावर पोडियम, पोडियमवर अर्धा एकर हिरवळ,
तिच्यावर चालायला मनाई.
रामदुलार माळी युरिया फेकतो
कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा.
त्याला एवढंच सांगितलंय,
रंग फिका दिसता कामा नये.
गवताला नको झालेलं पाऊस उचलतो,
सात मजले पाइपातून उतरतो, नाल्यात जातो,
नाला खाडीत.

नियमाला हे सगळं ठाऊक आहे.
नियम नऊ, उपनियम ग:
पाणी जागेवर थोपवा, मुरवा, गाळा.
न जमल्यास शुल्क भरा.
जमत कुणालाच नाही.
शोषखड्डा जिथे काढायचा
तिथे गाड्यांसाठी तीन तळघरं असतात.

वर्षाला अकरा किलो चारशे ग्रॅम.
दशांश मी दोनदा तपासला.
दीड वर्षाच्या पोराएवढं वजन,
कडेवर घेऊन जिना चढता येईल असं.
गालाशेठच्या आर्किटेक्टने चेक लिहिला,
पावती घेतली, चहाही घेतला.

त्या पैशांची तिवरं लागतात
गोराईच्या पलीकडे,
जिथे भांडुपचं पाणी कधीच पोचणार नाही.
आग सोमेश्वरी, एवढंच म्हणायचे आमचे मामा,
पुढचं म्हणायची गरज पडायची नाही.

बुधीबाई वैती आली ती पाटी न घेता.
सरबताच्या जुन्या बाटलीत खाडी भरून आणली होती,
टेबलावर ठेवली. पन्ह्यासारखा रंग.
म्हणाली, बोय पान्यावर येतान नि तोंड वासतान.
त्यांची पन पावती फारलीस का?
मी तिला तक्ता दाखवला.
बाई, हिशेब अख्ख्या शहराचा असतो,
इथलं अधिक, तिथलं उणे,
शेवटी मिळून शून्य येतं.
तिने तक्त्यावरून बोट फिरवलं,
मीठ बसलेलं, नखाशी चिरलेलं बोट.
शून्य खय हाय? दाव.

मी दाखवलं. खालचा उजवा रकाना.
ती रकान्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली.
त्या बघण्याचा दर आमच्याकडे नाही.
पहिल्या परिपत्रकात होता.

बाटली राहिली. आवक नोंदवहीत चढवावी
तर 'वस्तू' हा रकाना नाही.
नमुना म्हणून प्रयोगशाळेला पाठवावी
तर झाकण सीलबंद हवं, सही अधिकृत हवी.
आठवडाभर ती खिडकीत होती.
मग आमच्या तुळाजी शिपायाने,
वाया कशाला घालवायचं म्हणून,
लेखा शाखेतला मनीप्लांट खुडून तिच्यात खोवला.

काय फुटला म्हणता!
जूनमध्ये दोन पानं होती,
आता खिडकीचा गज ओलांडून
फाइलींच्या कपाटावर चढलाय,
तळहाताएवढी पानं, तुकतुकीत,
धूळसुद्धा बसायला लाजते.
लेखा शाखेतले बघायला येतात,
त्यांचा मूळ वेल पिवळा पडलाय.

काल तोच आर्किटेक्ट आला, दुसऱ्या टॉवरसाठी.
पान उलटून बघितलं, बोटांनी पुसलं.
वा! याला घालता तरी काय?

मी पावतीपुस्तक उघडलं.
नाव, वॉर्ड, किलो, ग्रॅम, रक्कम अक्षरी,
जोर देऊन लिहिलं सगळं.
पान फाडलं तेव्हा दिसलं,
कार्बन उलटा लागला होता.
त्याच्या पावतीच्या पाठीवर निळी, उलटी अक्षरं,
आणि आमच्याकडे राहायची ती स्थळप्रत
कोरी.