कंटिन्युइटी

देवगडच्या लिलावात आज सौंदाळे स्वस्त गेले.
कुंदानं ज्या कागदात मला ते बांधून दिले
त्यावर अनंत खवणेकर हात जोडून उभे.
परवाचा पेपर. कपाळाला खवला चिकटलेला.
खाली एका बेटाचं नाव, मला नीट उच्चारता न येणारं,
आणि तीन कंपन्या,
एकाच टपालपेटीत राहणाऱ्या.

कुंदा म्हणाली, "बाय, ह्या बेट खंय आसा?
आमच्या होडयेन जावक येयत?"

होडीनं नाही जात गं तिथं कोणी.
नुसत्या सह्या जातात.

ब्याऐंशी साली त्यांच्या पिक्चरला
मी कंटिन्युइटी धरत होते.
म्हणजे नायकानं पेला उजव्या हातात उचलला
तर जेवणाच्या सुट्टीनंतरही तो उजव्याच हातात.
चहा दोन बोटं कमी. वरचं बटण उघडं.
कुंकू ओघळलेलं, पण डावीकडे.
दोनशे पानी वही, शाईचं पेन,
आणि खोटं दिवसभर एकसारखं राहील
एवढीच माझी जबाबदारी.

किल्ल्याच्या वाटेवर सावकाराचं घर उभं केलं होतं.
समोरून चिरा, ओटी, तुळस.
मागून बांबू, सुतळी आणि सावलीत झोपलेलं कुत्रं.
(तुळस खरी होती. पॅकअपनंतर मी ती घरी आणली,
तिच्या बिया अजून अंगणभर उगवतात.)
तिजोरीत नोटांच्या गड्ड्या:
वरची नोट खरी,
खाली जुनी पंचांगं मापात कापलेली,
एकादश्या, प्रदोष, संकष्ट्या, वर रबर.
संध्याकाळी खऱ्या नोटा मोजून परत.

एकदा एक कमी भरली.
खवणेकरांनी सगळ्यांच्या पिशव्या झाडल्या,
मेकअपच्या थरथरत्या म्हाताऱ्याचीसुद्धा.
"लोकांचा पैसा आहे रे हा," म्हणाले.
आवाज भरून आला होता.
मी तो वहीत टिपला नाही.
सीनमध्ये नव्हता.

काल जामसंड्याच्या सभेत तोच आवाज.
मी मागच्या खुर्चीत. सवय जात नाही.
गेल्या निवडणुकीत त्यांची आई
औषधाविना गेली होती, पडवीत, दिव्याच्या उजेडात.
काल ती मुंबईच्या हॉस्पिटलात गेली.
शाळेला अनवाणी जायचे,
काल त्याच वाटेवर सायकल होती.
आम्ही अशाला जंप म्हणायचो. शॉट परत घ्यावा लागायचा,
फिल्म महाग, दिग्दर्शक शिव्या घालायचा, मला.
काल कोणी काही बोललं नाही.
टाळ्या बरोबर जुळल्या.

घरी येऊन मासे पाण्यात टाकले
आणि माळ्यावरची वही काढली.
कसर लागलीय. सीन एकेचाळीस, टेक तीन,
रुमाल ओला, डावा खिसा.
मधेच एक कार्बन कॉपी घडी करून ठेवलेली.
मिळाले रुपये बाराशे फक्त.
रेव्हेन्यू स्टँप, त्यावर सही,
अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर,
चांगली वळणदार. नलिनी वाडेकर.

हातात सातशे आले होते.

बाकीचे कुठल्या बेटावर गेले
मी विचारलं नाही.
प्रॉडक्शनचा दिगंबर म्हणाला होता, सगळेच करतात,
आणि वर एक शहाळं पाजलं होतं.
ते गोड होतं, हेही आठवतं.
सातशेत भावाची फी भरली.
तो आज पोस्टातून रिटायर, नाकासमोर चालणारा,
त्याला हे कधी सांगितलं नाही.

कागद वाळत घातला खिडकीत.
जोडलेल्या हातांत अंगठी उजव्या बोटात.
ब्याऐंशी साली डाव्या होती.
वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तेवढं लिहिलं.
पेन आधी चाललं नाही, झटकलं, मग चाललं.

मग त्याच्या खाली, त्याच शाईत:
बाराशे नव्हे. सातशे.

मांजर सौंदाळ्यांपाशी येऊन बसलंय.