सुटणे

ग्रिम्स्बीच्या कोर्टात सहा दिवस मी दुभाषी होते.
बोलायचं दोघींचं, मानधन एकीचं.

सुगंधा पावसे, मूळच्या हर्णैच्या,
काळ्या कोटावर नवऱ्याचा मफलर,
पिंजऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या,
"आठ महिने नळ्या. शिमग्याच्या आदल्या दिवशी सुटले."
मी इंग्रजीत सांगितलं: वारले.
टंकलेखिकेची बोटं थांबली नाहीत.

सहाव्या दिवशी निकाल.
मासळीच्या शीतगृहातला तो अमोनियाचा व्हॉल्व्ह
कुणाच्याच अखत्यारीत नव्हता म्हणे.
मॅनेजर थर्लबी उठला,
टायची गाठ सैल करत बायकोकडे बघून हसला.

"हा पण सुटला," ताई म्हणाल्या.

न्यायाधीशांचा चष्मा माझ्याकडे वळला:
काय म्हणाल्या त्या?

तेच क्रियापद. तोच भूतकाळ.
आमच्याकडे तापातून सुटतो, तुरुंगातून सुटतो,
बाळंतीण सुटते,
आणि फार हाल झाले की माणूसच सुटतो.
त्यांच्याकडे मेलेल्याचा खण वेगळा,
वाचलेल्याचा वेगळा.
मी म्हटलं, याला शिक्षा झाली नाही, असं त्या म्हणतात.
तो 'पण' माझ्या जिभेखालीच राहिला.
कागदावर माझं नाव नसतं, नुसतं 'दुभाषी'.
मी नामानिराळी.

बाहेर बाकावर कारकून बाई आल्या, डोरीन.
बोलायचं म्हणून बोलत राहिल्या:
अशा सुटण्याला आमचा एक जुना शब्द आहे, स्कॉट-फ्री.
स्कॉटलंडचा त्यात काही संबंध नाही हं.
स्कॉट म्हणजे जुन्या काळचा कर, ज्याच्या त्याच्या वाट्याचा.
तो न भरता जो गेला, तो.

कर म्हणजे पट्टी, मी ताईंना सांगितलं,
घरपट्टी, पाणीपट्टी, तशी.
पट्टी न भरता उठून गेलेला.

ताईंनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"मग त्याची कुणी भरली?"

हे डोरीनला सांगायचं मी टाळलं.
तोवर गोदीकडून वारा सुटला होता,
दार आपोआप उघडत होतं, मिटत होतं.
चहाच्या यंत्राला नाणीच लागतात,
माझ्याकडे नुसतं कार्ड.
"थांबा," ताई म्हणाल्या,
पर्स उपडी केली मांडीवर,
आणि एकेक पेनी मोजत,
"आहेत माझ्याकडे सुटे."