टक्

रुवीच्या या गल्लीत दुपारी दोन ते चार
माझं शटर अर्धं खाली असतं.
त्याखालून आधी मिक्सर आत आला,
मग मुहन्नदचा पांढरा दिशदाशा, वाकताना पायात आलेला,
मग काठी,
मग त्याची आजी.

मेड इन इंग्लंड. साडेनऊ किलो.
एनॅमल कधीकाळी पांढरं, आता दातांच्या रंगाचं.
आजोबांनी मनामाहून आणला, म्हणे, बोटीनं,
आणि मत्रहच्या घरात वीज येईपर्यंत
दीड वर्ष नुसताच मेजावर, वर चादर घालून.

झालंय काय याला?
"धूर," नातू म्हणाला.
आजी बोलली नाही. तिच्या डोळ्यांवर साय आलेली.
माझ्या छताच्या पंख्याकडे कान लावून बसली
आणि काहीतरी पुटपुटली.
नातू लाजला. "ती म्हणते, पंख्याचं बेअरिंग चाललंय."

चाललंच होतं.

उघडला. आतलं ग्रीस आळून काकवीसारखं झालेलं,
त्यात पन्नास वर्षांचं पीठ.
कपॅसिटर फुटलेला, कार्बन झिजून नखाएवढे,
आणि मोठ्या गिअरचा एक दात
कोण जाणे कधीपासून नव्हताच.
कंपनी बंद पडली असेल किंवा विकली गेली असेल,
पण शेन्झेनमध्ये कुणीतरी अजून या मशीनचे पार्ट काढतं,
अकरा दिवसांत पुडकं दारात.
नाकापेक्षा मोती जड, मी नातवाला सांगितलं,
एवढ्यात नवा येईल, वर काचेचं भांडं फुकट.
त्यानं आजीला विचारलंसुद्धा नाही.

आटे जुळेनात. याचे इंची, नव्यांचे मिलीमीटरचे.
रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये पाटणकर सर म्हणायचे,
सारंग, स्क्रूवर जोर करू नकोस, तो लक्षात ठेवतो.
टॅप फिरवून नवे आटे पाडले.
कार्बन पॉलिशपेपरवर घासले, सरकतील इतके,
हलतील इतके नाही.
शाबानचे शेवटचे दिवस होते.

चालू केला तेव्हा मला स्वतःलाच कौतुक वाटलं:
रिकाम्या मशिदीतल्या एसीसारखा आवाज. म्हणजे नाहीच.

चौथ्या दिवशी परत. शटर, मिक्सर, दिशदाशा, काठी.
"बिघडला?"
"नाही," नातू म्हणाला, "पण लुगैमात दगड झाले."
मग तिनं स्वतः सांगितलं, सावकाश,
मला कळेल अशा बाजारी अरबीत.
ती घड्याळ बघू शकत नाही. मोजते.
प्रत्येक फेऱ्याला एक टक्.
चारशे टक् झाले की पीठ तयार.
आता ते नुसतं गुणगुणतं.
कुठे थांबू, लियाकत?

जुना गिअर डब्यात होता. घातला असता,
पण तुटक्या दातानं शेजारचेही खाल्ले असते,
ईदपर्यंत उरलं नसतं काही.

तीस वर्षं मी लोकांचे आवाज बंद करतो.
खडखड, करकर, घरघर, सगळे.
त्या रात्री पहिल्यांदा
बिघाड बसवायला घेतला.
जुन्या प्लगची पितळी पट्टी कापली, बोटाच्या पेराएवढी,
डोक्याच्या वरच्या अंगाला, पिठात पडणार नाही अशा बेतानं,
आणि फिरत्या भागावर एक छोटा स्क्रू,
फेऱ्यात एकदाच तिला शिवणारा.
पहिल्यांदा टिण् आला. घंटी नको होती.
खाली रबर दिलं. टप्.
रबर अर्धं केलं. अर्ध्याचं अर्धं.
फजरच्या अजानीला थोडा वेळ असताना
टक्.

तिनं दुकानातच पाणी न् मैदा घालून बघितलं.
बोटं मिक्सरच्या पाठीवर, ओठ हलताहेत.
मीही मोजत होतो, मराठीत, मनातल्या मनात.
माझे तीनशे सत्त्याण्णव झाले
तेव्हा तिचे चारशे झाले.
तिनं बटण बंद केलं. पिठाला बोट लावलं.
माझा हिशोब चुकला असणार.

बिलात गिअर लिहिला, कार्बन जोडी, कपॅसिटर.
पट्टीचं काय लिहावं सुचेना, ती ओळ सोडली.

जाताना शटरखाली वाकण्याआधी ती थांबली,
वर मान करून काहीतरी म्हणाली.
नातवानं या वेळी भाषांतर केलं नाही.
मी शिडी काढली.