दंडघेर

पर्वती पायथ्याला माझं दुकान, आठ बाय दहाचं.
सव्वीस वर्षं बायकांचे दंड मोजतेय.
टेप गुंडाळली की काहीजणी श्वास आत ओढतात,
जणू दंडालाही पोट असतं.

पौषात माझं ऑपरेशन झालं.
डाव्या स्तनासोबत काखेतल्या चौदा गाठी गेल्या.
अंगातलं पाणी त्यांच्यातून जायचं, डॉक्टर म्हणाले,
आता उरलेल्या वाटांवर भार.
मी मान हलवली. मी आंबील ओढ्याकाठची.
वाट अडवली की पाणी कुणाच्या घरात शिरतं
ते मशीनच्या पायट्यापर्यंतच्या चिखलाने
एका रात्रीत शिकवलंय.

तांबोळी मॅडम व्यायाम शिकवतात.
त्यांनी टेप शोधली, मी पर्समधली माझी दिली.
खुणा करायला पेन काढलं,
म्हटलं, थांबा, खडू आहे.
मनगटापासून वर चार चार इंचांवर
माझ्याच हातावर माझाच निळा खडू.
पहिल्यांदाच कुणी माझं माप घेत होतं,
आणि मी श्वास आत ओढला.

पाऊण इंच वाढला तर लगेच या.
हात जड वाटला, अंगठी रुतली, तर टेपचीही वाट बघू नका.

पाऊण इंच.
शिवणीत आम्ही तेवढीच माया सोडतो,
बाई पुढेमागे भरली तर उसवून मोकळं करता यावं म्हणून.
अंगाच्या शिवणीत किती सोडलीय
ते कोण सांगणार?

आणि सुई? मी विचारलं.
टोचू देऊ नका, म्हणाल्या.
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
टोचलीच तर साबण, पाणी, मलम,
आणि लाल झालं, ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही.
सासूबाईंचं पितळी अंगुस्तान बटणांच्या डब्यात होतं,
त्या असताना कधी घातलं नाही.
आता डाव्या बोटात असतं. सैल आहे, खुळखुळतं.

शेजारच्या म्हणतात, तो हात हलवूच नकोस,
देव्हाऱ्यात ठेव.
मॅडम म्हणतात, कामाला लावा, पण दमाने.
म्हणून रोज दुकान उघडायच्या आधी
बोटं भिंतीवरून चढतात, मुंगीसारखी.
आधी कॅलेंडरच्या शेवटच्या रविवारपर्यंत,
मग पहिल्या,
मग महिन्याच्या नावावर आठ दिवस अडकली.
परवा खिळ्याला लागली.
रेवती काजं करता करता ओरडली, ताई, खिळा!
साऱ्या पुण्याला ऐकू जावं अशी.

रक्त काढणारा पोरगा दर वेळी डावाच हात धरतो.
मी दर वेळी उजवा पुढे करते.
रात्री खोबरेल, दिवसा नाही, रेशमाला डाग पडतात.

मग लग्नसराई आली.
लक्ष्मी रोडवरून अस्तराचे गठ्ठे मीच आणले,
त्याच हातात, हट्टाने.
त्या गुरुवारी टेप म्हणाली, अर्धा इंच.
म्हटलं, खडू सरकला असेल.
म्हटलं, टेप जुनी झालीय, ताणली गेलीय.
(ताणलेली टेप माप कमी दाखवते,
हे मला माहीत नाही होय?)
गिऱ्हाइकाला मी असं कधी फसवलं नाही.
सकाळी रास्तेबाईंच्या मुलीचे नऊ ब्लाउज तसेच ठेवून
बस धरली.

बरं झालं लवकर आलात, एवढंच मॅडम बोलल्या.
एक घट्ट बाही दिली, कातडीच्या रंगाची,
कुणाच्याच कातडीचा नसलेला रंग.
मी सवयीने उलटी करून पाहिली.
शिवणच नाही. माया कुठून असणार?

बाही आता रोज घालते, वर साडीचा पदर.
नव्या मुली येतात, आरशासमोर म्हणतात,
काकू, बाही अजून घट्ट.
करते, पण आत पाऊण इंच सोडते,
न विचारता.

मापांच्या वहीत आता माझंही पान आहे,
रास्तेबाई आणि कुलसुमच्या मधे.
काल लिहिलं:
डावा दंड, सव्वाअकरा.
मागच्या गुरुवारी, सव्वाअकरा.
खाली रेवतीने, मला न सांगता,
तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय:
गठ्ठे मी आणणार.