कुरकुऱ्या

नागभीड सोडलं की तिसऱ्या मैलाला
मोहाची तीन झाडं, आणि एक वळण.
रेल्वेच्या वहीत त्याला नंबर होता.
आम्ही पोरं कुरकुऱ्या म्हणायचो.

बाबा, गोमाजी टेकाम, चावीवाले.
खांद्यावर हातोडा,
चार मैल जाणं, चार मैल येणं,
सैल चावी दिसली की ठोकणं.

त्या साली शेडमध्ये लांब इंजिन आलं.
जोडचाकांच्या चार जोड्या
एकाच चौकटीत ताठ बसवलेल्या.
जुनं आखूड इंजिन
नाकानं डावं-उजवं हुंगत धावायचं;
हे सरळ रुळावर मान हलवत नसे.
ड्रायव्हर म्हणे, चहा ठेवा, सांडणार नाही.

कुरकुऱ्यावर मात्र किंकाळी.
मोहावरचे पोपट उठायचे
आणि सकाळी बाहेरच्या रुळाखाली
चकचकीत भुगा.
बाबांनी चिमूटभर जिभेवर ठेवला, थुंकले.
"रुळाचं लोखंड. चाकाचं नाई."

रात्री जेवण झाल्यावर
परातीच्या काठाला त्यांनी आतून तुरीची काडी लावली.
दोन टोकं टेकली. मध्ये फट.
"काडी मनते, मी वाकत नाई.
मंग परातीनं सरकाव,
नाई तं काडीच्या मधल्या चाकाईनं हट्ट सोडाव."
आई म्हणाली, परात धुवायची आहे.

गँगनं आतला रूळ
मोहाकडे अर्धं बोट सरकवला.
शेडमध्ये शब्बीर मिस्त्रीनं
मधल्या दोन जोड्यांच्या कडा छिलून काढल्या:
गुळगुळीत, रुंद, धरायला काहीच नसलेली चाकं.

पहिल्या फेरीला मी मोहाखाली पालथी पडून पाहिलं.
पुढचं चाक रूळ घट्ट धरून वळलं,
मागचं त्याच्या मागे,
आणि मधली दोन
रुळावर नुसती सरकत गेली
आत, बोटभर हवेत लोंबत,
वजन मात्र पुरतं उचलून.
पोपट बसूनच राहिले.

आता ब्रॉडगेज. वळण पसरट केलं,
त्यात दोन मोह गेले.

बाबांचा गुडघा आखडला तेव्हा
माजघरातून वळताना
ते दर वेळी भिंतीला खांदा घासायचे.
चुन्याचा पांढरा पट्टा सदऱ्यावर.
एका दुपारी, ते निजलेले असताना,
मी धानाची ढोली कोपऱ्याकडे ढकलली.

उठले. वळले. थांबले.
खाली जमिनीवरची जुनी गोल खूण पाहिली,
काठी आडवी धरून मोजलं.
"अर्धं बोट जास्त झालं," म्हणाले,
आणि अंगणात गेले.