ऐच्छिक

फॉर्म एका पानाचा.
शुक्रवारी पाचच्या आत ऑफिसात द्यायचा.
बालमानस, व्यसनमुक्ती, वृद्धमानस, संशोधन.
ग्रामीण घेतलं तर आठवड्यातून दोनदा नव्वद मैल,
पेट्रोल ते देतील, बर्फ तुमचा.
वर ठळक अक्षरांत : सर्व ट्रॅक ऐच्छिक आहेत.

आठवीत असाच एक फॉर्म होता.
बाबा म्हणाले, संस्कृत घे, स्कोअरिंग आहे.
मला चित्रकला हवी होती, हे मी बोलले का,
आता आठवत नाही.
ब्याण्णव पडले, तेवढं आठवतं.

ओमाहात नोव्हेंबर.
ओबिओरा संशोधनावर खूण करून मोकळा झालाय.
डॉक्टर लिंडक्विस्ट कॉफी ओतताना म्हणतात,
वृद्धमानसला यंदाही कोणी नाही.
टोमणा नव्हे. हवामान सांगावं तसं.

चौथ्या मजल्यावर मिसेस हाव्लिचेक, वय एक्क्याऐंशी.
इंग्रजी मार्चमध्ये गेलं, मुलगा सांगतो,
भाडेकरू गेल्यासारखं.
मागे राहिलंय लहानपणचं चेक.
टॅब्लेटमधला दुभाषा कान देऊन ऐकतो :
वाक्य नाही, डॉक्टर. नुसते आकडे.
रात्रभर आकडे, आणि हात.
डावा धरतो, उजवा ओढतो, पुढे ढकलतो.
चार्टमध्ये लिहिलंय : निरर्थक हालचाली.
झोपेचं औषध वाढवावे.

मी इचलकरंजीची.
आमच्या गल्लीत माग थांबले की तान्ही मुलं जागी व्हायची.
शेजारचे इराप्पा ढोले काम सुटल्यावरही
झोपेत तुटका धागा जोडत राहायचे,
दोन बोटांत पीळ, अंगठ्याचा दाब, पुढचा.
काकू म्हणायच्या, रात्रपाळी चालू आहे,
उठवू नका.

संध्याकाळी मुलाला फोन लावला.
आई कुठे होत्या नोकरीला?
साउथ ओमाहात, मांसाच्या कारखान्यात,
सव्वीस वर्षं पट्ट्यापाशी, चरबी सोलायला.
का हो?

रात्री जेवणाचं टेबल त्यांच्यापुढे ओढलं,
कमरेइतकं उंच केलं,
वर ओल्या टॉवेलची घडी.
त्यांनी धरली. ओढली. पुढे ढकलली.
मी दुसरी ठेवली.
मग तिसरी.
पावणेचारला पहिल्यांदा माझ्याकडे पाहून
त्या काहीतरी म्हणाल्या.
दुभाषा हसू दाबत होता :
म्हणतात, नवीन दिसतेस. फार हळू आहेस.
औषध वाढवलं नाही.

पार्किंगपर्यंत ट्रॅकला शब्द शोधत आले.
रूळ. वाट. शाखा.
गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना सापडला : माग.
कोणाचा तरी काढायचा तो,
आणि पोट चालतं तोही.

फॉर्म कोटाच्या खिशात होता, चुरगळून.
आज शुक्रवार, सकाळचे सात.
तिकडे संध्याकाळ, बाबा बातम्या लावून बसले असतील.
विचारतील, स्कोअरिंग कशात आहे?
सांगेन,
सध्या मी फार हळू आहे.