करता येईल

जेर्मेन व्हायोलेट पहिल्यांदा समितीत आली
तेव्हा तिच्या बुटांतून पाणी निथळत होतं.
पाच तास गाडी हाकत ऑगस्टाला आलेली,
कॅनडाच्या काठावरच्या गावातून,
जिथे म्हातारी माणसं अजून फ्रेंचमध्ये हिशेब करतात
आणि इंग्रजीत कर भरतात.
मी समितीचा कारकून. नाव लिहून घेतलं, व्यवसाय विचारला.
म्हणाली, शाळेची बस चालवते.
मग जरा थांबून : आणि आता हे.

तिचं विधेयक पाऊण पानाचं.
कायद्यात होतं : हिमवादळात
डायलिसिसच्या रुग्णाच्या दारापर्यंतचा रस्ता
परगण्याला आधी मोकळा करता येईल.
तिला हवं होतं : करावाच लागेल.
बस्स. एक क्रियापद.
अध्यक्षांनी चष्मा पुसला. 'असे रुग्ण किती, बाई?'
'अकरा.'
'अकरा जणांसाठी कायदा?'
ती बोलली नाही. टेबलाखाली तिची बोटं
एकेक नाव घेतल्यासारखी मिटत गेली.
मला दिसली, माझी खुर्ची ठेंगणी होती.

दुसऱ्या खेपेला डबा घेऊन आली,
कुट्टूच्या पिठाची पिवळी धिरडी, एकाच बाजूने भाजलेली.
सगळ्यांनी लोणी मागून मागून खाल्ली.
'आता किती?'
'नऊ. दोन नवे आलेत, चार गेले.'
'म्हणजे प्रश्न आपोआप सुटतोय,'
कुणीतरी म्हणालं, आणि ते थट्टेत नव्हतं,
त्याची नजर खर्चाच्या रकान्यात होती.
विधेयक बासनात गेलं.
डबा मी धुऊन दिला.

पुढे ती राजकारणी होत गेली, तेही लिहायला हवं.
कुणाच्या बायकोचं ऑपरेशन कधी, हे तिला पाठ झालं.
लिफ्टमध्ये मतं मोजायला शिकली, न हसण्याजोग्या विनोदांना हसायला.
कुठल्या कुठल्या पुलांना कुणाकुणाची नावं दिली,
सगळ्यांना हो म्हणाली.

आणि तिसऱ्या खेपेला, मार्चमध्ये, रात्री पावणेबाराला
कागद गिरणीच्या मालकाला करमाफी द्यायच्या ठरावावर
तिच्या नावापुढे हिरवा दिवा लागला.
दारोदार उलटं सांगून निवडून आली होती.
बटणावरचा अंगठा तिने बराच वेळ उचलला नाही,
दिवा लागून गेला तरी.

दुसऱ्या दिवशी तिचं विधेयक बासनातून निघालं.
'रुग्ण किती?' असं कुणी विचारलंच नाही.
तीन मिनिटांत मंजूर.
मी टंकलेल्या मसुद्यात तेवढाच बदल :
एक शब्द खोडलेला, दोन शब्द वर लिहिलेले.

गिरणी तरीही बंद पडली, दोन वर्षांनी.
रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर
जागा मोकळी राहायला लागली, असं ऐकलं.
तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

चार खेपा झाल्या की नियमाने घरी.
शेवटच्या संध्याकाळी गाडीची आमदारकीची पाटी
ती नाण्याने सोडवत होती, पार्किंगमध्ये, वाकून.
तीन स्क्रू निघाले. चौथा गंजलेला.
मी उपाहारगृहातून लोण्याची सुरी आणून दिली.
केनेबेकवरून बोचरा वारा येत होता,
आम्ही दोघंही त्या स्क्रूबद्दलच बोललो.

आता मीही निवृत्त आहे.
गेल्या जानेवारीत फोन आला, पहाटे साडेपाचला.
'नांगर आत्ताच गेला,' ती म्हणाली,
'दारावरून. न थांबता.
ल्युडजरच्या विधवेकडे वळला.'
'आणि तुझा रस्ता?'
'माझा कशाला? मला काय धाड भरलीय?
फावडं आहे की.'
मग तिने रिसीव्हर खिडकीशी धरला असावा.
लोखंडाची घरघर, दूर जाणारी,
चढणीवर जराशी अडखळणारी,
नंतर नुसता वारा.
अंधारात, सवयीने,
माझा हात पेन शोधत होता.